‘ध’चा ‘मा’ : वाड्यातील खून आणि रहस्यकथेची कसोटी

इंग्रजी रहस्यकथेतले खेड्यावरचे मोठे घर मराठी वाचकाला अनुवादांतून चांगले परिचित आहे. सभोवती बाग, आत सात-आठ नातलग व पाहुणे, त्यांच्या पाठीशी नोकरचाकर. एका रात्री खून होतो आणि खुनी त्याच छपराखाली वावरत असतो. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या वीस वर्षांत हा प्रकार विशेष बहरला. त्या काळात मागे जाऊन नव्या ऐतिहासिक रहस्यकथा रचणारे लेखक इंग्रजीत आजही आहेत. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पण समीक्षेने या प्रकाराला ओसरीवरच बसवले. परिणामी रहस्यकथेची शिस्त, म्हणजे कोणता पुरावा कोणाकडून आला आणि तो कितपत टिकतो हे विचारण्याची सवय, आपल्या ऐतिहासिक नाटक-कादंबऱ्यांच्या वाचनाला फारशी लागली नाही. या सवयीने वाचण्याजोगी एक घटना मराठी मनात अडीचशे वर्षे घर करून आहे. तिच्यात वाडा आहे, खून आहे, काका-पुतण्या आहेत आणि एक बदललेले अक्षर आहे.

थोरले माधवराव पेशवे 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊर येथे वारले. धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. त्यांचे वय तेव्हा सतरा वर्षांचे. काका रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. 30 ऑगस्ट 1773 रोजी, भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला, गणेशोत्सव चालू असताना भर दुपारी गारदी वाड्यात घुसले. थकलेला पगार मागण्याचे निमित्त होते. नारायणराव काकांच्या दालनाकडे धावले आणि तेथेच मारले गेले. धन्याला वाचवू पाहणारा चापाजी टिळेकर हा सेवकही मारला गेला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले व देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही गोष्ट शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तिच्याहून अधिक ठाऊक असते ती चिठ्ठीची गोष्ट : रघुनाथरावांनी ‘धरावे’ असे लिहिले होते, आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले. या गोष्टीने भाषेला एक वाक्प्रचारच दिला. कचेरीतल्या कारकुनाने कागदात फेरफार केला तरी आपण ‘ध’चा ‘मा’ केला असेच म्हणतो.

आता याच्या शेजारी अगाथा ख्रिस्ती यांची पहिली कादंबरी ठेवून पाहावी. ‘द मिस्टीरियस अफेअर अॅट स्टाइल्स’ 1920 साली प्रसिद्ध झाली. एसेक्समधले स्टाइल्स कोर्ट हे घर, त्याची वृद्ध श्रीमंत मालकीण आणि तिच्यावर झालेला विषप्रयोग असा तिचा विषय आहे. योगायोगाची बाब अशी की, तिथेही एक कागद बदललेला आहे. मालकिणीच्या पत्रावर 17 जुलै ही तारीख दिसते. प्रत्यक्षात ते पत्र 7 तारखेचे असते व सातच्या आधी एक हा आकडा मागाहून घातलेला असतो. एका खुणेने पत्राचा अर्थ फिरतो, जसा चिठ्ठीचा फिरला असे म्हणतात. परंतु लेखिकेने त्या पत्राची हुबेहूब नक्कल पुस्तकात छापली आहे. पोयरोला जे दिसते ते वाचकालाही दिसते. दोन आकड्यांमधले अंतर त्याला खटकले नाही तर तो दोष त्याचा. रहस्यकथेतला प्रामाणिकपणा याहून वेगळा नसतो : पुरावा आधी समोर मांडायचा, निष्कर्ष नंतर.

शनिवारवाड्याच्या गोष्टीत वाचकासमोर चिठ्ठी येत नाही, चिठ्ठीविषयीची हकिगत येते. ती इंग्रजी वाचकांपुढे ठसठशीतपणे मांडली ग्रँट डफने. 1818 नंतर तो साताऱ्यास होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली छापला गेला, म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी. रघुनाथरावांनी पकडण्याचा हुकूम दिल्याचे कबूल केले आणि मूळ कागद पाहता रामशास्त्रींना शब्द बदललेला आढळला, असे तो सांगतो. पण बदल कोणी केला या मुद्द्यावर आला की तो लोकांच्या समजुतीचा आधार घेतो. सर्वांचा समज आनंदीबाईंवर आहे, एवढेच त्याचे म्हणणे. कागद बदलला गेला हे एक विधान आणि तो अमुक हाताने बदलला हे दुसरे. पहिल्याला निदान एका न्यायाधीशाच्या तपासणीचा दाखला दिलेला आहे, दुसऱ्याला तेवढाही नाही. आपल्या वाक्प्रचाराने मात्र दोन्ही एकाच गाठीत बांधून टाकली.

येथे आणखी एका इंग्रजी पुस्तकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. जोसेफीन टे यांची ‘द डॉटर ऑफ टाइम’ ही कादंबरी 1951 सालची. तिच्यातला पोलीस अधिकारी रुग्णालयात खाटेवर पडून आहे आणि वेळ घालवण्यासाठी तो 1483 सालचे प्रकरण तपासायला घेतो : राजा तिसरा रिचर्ड याने आपल्या दोन अल्पवयीन पुतण्यांना खरोखर मारले का? तिथेही काका आणि पुतणेच. (त्या अधिकाऱ्याचे नाव ग्रँट असावे, ही गंमत मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.) रिचर्डला खलनायक ठरवणारा टॉमस मोर हा घटनेच्या वेळी लहान मूल होता, त्याने लिहिले ते ऐकीव, असे लक्षात येताच ग्रँट ते पुस्तक साक्षीपुराव्यातून बाजूला ठेवतो. टे यांचा रिचर्डविषयीचा निकाल सगळ्या इतिहासकारांना मान्य नाही. तरी त्यांची रीत घेण्यासारखी आहे. ती रीत रघुनाथरावांना लावली तर ते निर्दोष ठरतील असे मुळीच नाही. खुनाचा लाभ त्यांनाच झाला, पेशवाईची वस्त्रे त्यांनाच मिळाली, आणि त्यांना दोषी ठरवणारा न्यायाधीश समकालीन होता. डळमळीत होते ते फक्त आनंदीबाईंवरचे कलम.

मराठी रंगभूमीने हे कलम पक्के केले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ 1909 साली आले. 1907 ची सुरतेतली काँग्रेसची फूट ताजी होती, टिळक 1908 पासून शिक्षा भोगत होते, आणि खाडिलकर हे ‘केसरी’च्या परिवारातले. घरातल्या कलहाने राज्य जाते, हे त्यांना सांगायचे होते. त्यांनी आधार घेतला शेक्सपिअरचा. आनंदीबाईंवर लेडी मॅक्बेथची छाया आहे, हे समीक्षकांनी पुष्कळदा दाखवले आहे. पुढे दुर्गा खोटे यांनी ‘भाऊबंदकी’तही काम केले आणि ‘मॅक्बेथ’वरून शिरवाडकरांनी केलेल्या ‘राजमुकुट’ (1954) मध्ये लेडी मॅक्बेथची भूमिकाही केली, तेव्हा त्या दोन स्त्रिया प्रेक्षकांच्या मनात आणखी जवळ आल्या असतील. नाटक म्हणून ही निवड यशस्वीच म्हणावी लागेल. सत्ताधीशासमोर उभा राहणारा न्यायाधीश हे जे या कथेचे खरे बळ, ते खाडिलकरांनी अचूक ओळखले. प्रभातचा ‘रामशास्त्री’ हा 1944 चा चित्रपटही त्याच बळावर उभा राहिला. पण या रचनेत ‘कोणी केले?’ हा प्रश्नच उरत नाही. प्रेक्षक नाट्यगृहात शिरतानाच उत्तर घेऊन येतो. शेक्सपिअरच्या नाटकात पतीला खुनाकडे ढकलणारी स्त्री आहे म्हणून पुण्याच्या वाड्यातही ती असलीच पाहिजे, असा हा उलटा प्रवास आहे. इतिहासातून पात्र न घेता पात्रातून इतिहास घेतला गेला.

दरम्यान काही धागे तसेच लोंबत राहिले. खुनाच्या दिवशी सकाळीच नारायणरावांना धोक्याची सूचना मिळाली होती आणि बंदोबस्त करण्यास त्यांनी हरिपंत फडक्यांना सांगितले होते. हरिपंत जेवणास गेले व बंदोबस्त राहून गेला, असे इतिहासकार सांगतात. इंग्रजी रहस्यकथेत अशा जेवणावर एक सबंध प्रकरण खर्ची पडले असते. हरिपंतांवर संशय घ्यावा असा याचा अर्थ नव्हे. पुढे बारभाईंच्या कारस्थानात ते रघुनाथरावांच्या विरुद्धच होते. अर्थ एवढाच की, तपास करणारा मनुष्य तेथे थांबून विचारतो आणि गोष्ट सांगणारा पुढे निघून जातो.

सर्वांत मोठा लोंबता धागा गारद्यांचा. सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद युसूफ ही त्यांच्या म्होरक्यांची नावे. नावांवरूनच दिसते की ही टोळी एका धर्माची नव्हती. ‘गारदी’ हा शब्द फ्रेंच ‘गार्द’वरून आला असे मानतात, कवायती पलटणीतला शिपाई एवढाच त्याचा मूळ अर्थ. पानिपतावर 1761 साली मराठ्यांच्या बाजूने लढून प्राण देणारा इब्राहिमखान हाही गारदीच. तरीसुद्धा सर्वसाधारण वाचकाच्या डोळ्यांसमोर ‘गारदी’ म्हटले की कोण उभा राहतो, हे वर्गात विचारून पाहण्यासारखे आहे. शब्दाने एक चेहरा धारण केला आणि सुमेरसिंगाचे नाव ओठांवर असूनही तो चेहरा बदलला नाही.

विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ (1868) या कादंबरीशी याची तुलना उद्बोधक ठरते. हिची सुरुवात कर्नाटकात होते : 1799 साली श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतानाच्या खजिन्यातला हिरा एका इंग्रज अधिकाऱ्याने लुटला आणि तो यॉर्कशायरमधल्या एका घरात पोहोचला. तेथून तो नाहीसा होताच पोलीस धरतात ते बाहेर फिरणाऱ्या तीन हिंदुस्थानी ब्राह्मणांना. मग संशय जातो मोलकरणीवर. त्या रात्री हिरा उचलणारा हात घरातल्या माणसाचा निघतो आणि तो लाटणारा घरचाच प्रतिष्ठित नातलग. आधी परका, मग नोकर, सर्वांत शेवटी घरधनी, ही संशयाची उतरंड इंग्रजी बंगल्याच्या कथेने पुढे वारंवार वापरली, आणि चांगल्या लेखकांनी ती वाचकाच्या पूर्वग्रहाला चकवण्यासाठी वापरली. गारदी मात्र त्या तीन ब्राह्मणांसारखे निरपराध नव्हते. तलवार त्यांचीच होती आणि त्याबद्दल त्यांना सूट देण्याचे कारण नाही. पण ते पेशव्यांच्याच पगारावरचे शिपाई होते, परके नव्हते. वाड्याला त्यांची गरज होती, त्यांचा पगार वाड्याने थकवला होता, आणि त्यांना बोलावणारा माणूस वाड्यात राहणारा होता. लोकस्मृतीने हत्यार गारद्याच्या हाती ठेवले, लेखणी एका स्त्रीच्या हाती दिली. मधला हुकूम देणारा पुरुष ‘काका’ या शब्दात अर्धा लपला.

बेळगाव-निपाणीच्या अध्यापकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. निपाणीचे सिद्धोजीराव निंबाळकर तथा आप्पा देसाई ज्या पेशव्यांच्या काळात पुढे आले ते दुसरे बाजीराव म्हणजे रघुनाथराव व आनंदीबाई यांचेच पुत्र. बेळगावपासून जवळच असलेल्या कोवाडच्या रणजित देसाईंनी ‘स्वामी’ (1962) लिहिली ती थेऊरला माधवरावांच्या अखेरीशी थांबते. खुनाला तेव्हा नऊ महिने उरलेले असतात. ‘स्वामी’ वाचून झालेल्या विद्यार्थ्याला पुढे काय झाले ते ठाऊक असतेच, आणि नेमके ते ठाऊक असणेच तपासण्याजोगे आहे.

त्यासाठी वर्गात एक साधी गोष्ट करता येते. स्वतंत्र भारतात प्रवेश करीपर्यंत या भागातील कितीतरी व्यवहार मोडीत चालत. जुन्या घरांतून तसले कागद आजही निघतात. पेशवाईतली हुकमाची चिठ्ठी मोडीत असणार, हे उघड आहे. आपण मात्र ‘ध’ आणि ‘मा’ डोळ्यांसमोर आणतो ते छापील बाळबोध अक्षरांत. फळ्यावर ‘धरावे’ आणि ‘मारावे’ आधी बाळबोधीत लिहावे. एक अक्षर फिरवून भागत नाही, काना वाढवावा लागतो, हे तिथेच लक्षात येते. वाक्प्रचारातही ‘म’ नसून ‘मा’ आहे. मग तेच दोन शब्द, जाणकाराकडून गिरवून घेऊन, मोडीत लिहावेत. पहिल्याचा दुसरा करण्यास लेखणीचे किती फटकारे लागतात, खाडाखोड दिसते की लपते, शेजारच्या अक्षराला धक्का लागतो का, हे विद्यार्थ्यांनाच मोजू द्यावे. स्टाइल्समधल्या पत्राचे छापील पान त्या वेळी हाताशी असले तर उत्तम.