चालतंय ते ठीक, पण गळतंय का? : हार्डवेअर सुरक्षेच्या आपल्या अभ्यासावर एक टीका



आजचा विषय हार्डवेअर सुरक्षा आणि कूटलेखनाची सर्किटं. विषयाची ओळख करून देणारे व्हिडिओ भरपूर आहेत, त्यात आम्ही भर घालत नाही. आम्हाला तक्रार मांडायची आहे, आणि ती आधी स्वतःविरुद्ध आहे.

छत्रपती संभाजीनगरात आणि आसपासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आम्ही बरीच वर्षं शेवटच्या वर्षाचे आणि एम.टेक.चे प्रकल्प तपासत आलो. त्यात एक विषय हमखास येतो, 'एफपीजीएवर एईएस'. विद्यार्थी व्हेरिलॉगमध्ये कोड लिहितात, बोर्डवर चढवतात. मग तोंडी परीक्षेत फिप्स १९७ या मानकाच्या परिशिष्टातलं उदाहरण चालवून दाखवतात. तीच किल्ली, तोच मजकूर. पडद्यावर उत्तर ३९२५ने सुरू झालं की सगळ्यांचे चेहरे खुलतात. शेवटी एक तक्ता असतो. किती स्लाइस लागले, घड्याळ किती मेगाहर्ट्झवर धावलं, सेकंदाला किती गिगाबिट गेले. शेजारी आधीच्या पाच निबंधांचे आकडे, आणि आपला आकडा ठळक अक्षरांत. झालं. आम्ही सह्या करतो, गुण देतो.

या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही. तुमच्या सर्किटातून किल्ली बाहेर गळते का? विद्यार्थी विचारत नाहीत कारण आम्ही विचारत नाही. कुलूप बनवणाऱ्याने कुलूप किती वेगाने उघडतं आणि किती हलकं आहे एवढंच सांगावं, आणि आपण ते विकत घ्यावं, असा हा प्रकार आहे.

गळणं म्हणजे काय, ते जरा नीट बघू. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे वीज मीटर खाली जिन्याजवळ असतात. शेजाऱ्यांचं दार बंद, पडदे ओढलेले. तरी मीटरवरचा लाल दिवा एकदम भराभर लुकलुकायला लागला की कळतं, गिझर लावलाय. घरात न शिरता घरातली बातमी बाहेर आली. चिपचंही तसंच आहे. आतला ट्रान्झिस्टर शून्यावरून एकवर किंवा उलट पलटतो तेव्हा थोडा करंट ओढतो. किती बिटं पलटली त्यावर तो करंट कमी-जास्त होतो. पुरवठ्याच्या तारेत एक छोटा रेझिस्टर टाकायचा आणि त्यावरचं व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर बघायचं, एवढंच सामान लागतं.

आता गंमत बघा. एईएसची किल्ली १२८ बिटांची असते. आंधळेपणाने शोधायची तर २चा १२८वा घात इतक्या शक्यता, म्हणजे विषय संपला. पण करंट बघणारा माणूस सगळी किल्ली एकदम शोधतच नाही. किल्लीचे १६ बाइट असतात. तो पहिला बाइट घेतो. त्याचे अंदाज फक्त २५६. प्रत्येक अंदाज धरून एस-बॉक्समधून काय बाहेर येईल आणि किती बिटं पलटतील याचं गणित मांडतो. ते गणित हजारो वेळा मोजलेल्या करंटशी ताडून बघतो. चुकीचे २५५ अंदाज जुळत नाहीत, बरोबर असलेला एक वर उठून दिसतो. मग दुसरा बाइट, तिसरा बाइट. एकूण १६ गुणिले २५६, म्हणजे ४,०९६ अंदाज. गणिताने कोट्यवधी वर्षं टिकणारं कुलूप अशा रीतीने प्रयोगशाळेतल्या एका टेबलावर एका दुपारीत उघडू शकतं. पॉल कोचर यांनी १९९६मध्ये वेळेच्या मोजमापावरून, आणि १९९९मध्ये जाफ आणि जन यांच्यासह करंटच्या मोजमापावरून हे दाखवलं. एईएस मानक आलं २००१मध्ये. म्हणजे आपण ज्या अल्गोरिदमवर प्रकल्प करतो, तो मानक होण्याआधीच हा धोका जाहीर झाला होता. त्याला आता पाव शतक उलटून गेलं, आणि आमच्या तक्त्यात अजून त्याला रकाना नाही.

आपल्याकडे याची एक जुनी गोष्ट आहे. देवगिरीचा किल्ला आपण सगळ्यांनी पाहिलाय. तासलेला कडा, खंदक, ती अंधारी. भिंत चढून तो घेणं जवळपास अशक्य. पण वेढ्याची जी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, त्यात भिंत पडत नाही. धान्याची म्हणून गडावर चढवलेली पोती मिठाची निघतात. इतिहासकार त्यावर वाद घालोत, आम्हाला गोष्टीतला एकच तपशील महत्त्वाचा वाटतो. पोतं वर नेण्याआधी कुणी उघडून पाहिलं नाही.

बरं, उपाय नाहीत का? आहेत, पण तिथेच खरं संशोधन सुरू होतं. सर्वांत प्रसिद्ध उपाय मास्किंग. गुप्त आकड्याचे दोन तुकडे करायचे, त्यातला एक पूर्णपणे यादृच्छिक. दोन्ही तुकडे वेगळे फिरवायचे, म्हणजे कुठल्याही एका तारेवरून खरा आकडा कळत नाही. कागदावर हे सुंदर दिसतं. पण प्रत्यक्ष सर्किटात दोन सिग्नल एकाच क्षणी गेटपाशी पोचत नाहीत. एक आधी येतो, एक मागून. त्या मधल्या क्षणात गेट दोन-तीनदा उगाच पलटतं, आणि त्या पलटण्यात खरा आकडा डोकावून जातो. मास्क केलेल्या एईएस सर्किटांवर नेमक्या याच वाटेने हल्ला होतो, हे २००५मध्ये मांगार्ड, प्रामस्टॅलर आणि ओसवाल्ड यांनी दाखवून दिलं. त्याला उत्तर म्हणून २००६मध्ये निकोवा, रेखबर्गर आणि राइमेन यांनी थ्रेशोल्ड पद्धत मांडली. त्यात तुकडे जास्त करायचे आणि प्रत्येक उपसर्किटाला एक तुकडा मुद्दाम दाखवायचाच नाही. मग सिग्नल कितीही मागेपुढे झाले तरी त्याला पूर्ण गुपित ठाऊकच नसतं.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट, जी पाठ्यपुस्तकात सहसा नसते. सिंथेसिस टूल फार हुशार असतं. तुम्ही सुरक्षेसाठी मुद्दाम जास्तीचं सर्किट ठेवलंत तर त्याला ते फालतू वाटतं. ते दोन तुकडे एकत्र करून टाकतं, जागा वाचवली म्हणून अहवालात सांगतं, आणि तुमचं मास्किंग गुपचूप नाहीसं होतं. उत्तर मात्र अजूनही ३९२५नेच सुरू होतं! म्हणून केवळ उत्तर बरोबर येणं हा सुरक्षेचा पुरावा होऊच शकत नाही. आणि मास्कसाठी लागणारे यादृच्छिक आकडे? कित्येक प्रकल्पांत ते साध्या शिफ्ट रजिस्टरमधून येतात आणि सुरुवातीचा आकडा कोडमध्येच लिहिलेला असतो. दरवेळी तेच आकडे, त्याच क्रमाने.

इथवर प्रयोगशाळेतली तक्रार झाली. दुसरी तक्रार बाहेरची आहे, आणि आमच्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे. मोडून बघणं याला आपण काम मानत नाही. महाविद्यालयात ते गुणपत्रिकेत बसत नाही, आणि बाहेर ते संशयात बसतं.

उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेलं आहे. २०१०मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद, अमेरिकेतले ॲलेक्स हाल्डरमन, नेदरलँड्सचे रॉप खाँग्रेप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय मतदान यंत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी दोन हल्ले करून दाखवले. एकात निकाल दाखवणारा फलक बदलून हुबेहूब दिसणारा दुसरा बसवला. त्यात लपवलेल्या चिपला मोबाइलवरून सूचना देता येत होती. दुसऱ्यात स्मृती-चिपवर चिमट्यासारखं छोटं उपकरण लावून साठवलेली मतं बदलली. हे जमलं, कारण त्या यंत्रातल्या नोंदींना कूटलेखनाचं संरक्षण नव्हतं. ते यंत्र त्यांना एका अनामिक व्यक्तीकडून मिळालं होतं आणि ते मुंबईतल्या सरकारी गोदामातलं असल्याचं निघालं. २१ ऑगस्ट २०१० रोजी हरी प्रसाद यांना हैदराबादेत अटक करून मुंबईला आणण्यात आलं. आठवडाभराने जामीन मिळाला.

या अभ्यासावर टीका करायला जागा आहे, आणि आम्ही ती करतो. हल्लेखोराच्या हातात यंत्र उघडण्याइतका वेळ असेल, हे त्यात गृहीत आहे. सील, पहारा, कोणतं यंत्र कुठे जाणार याची सरमिसळ, या निवडणूक आयोगाने पुढे केलेल्या गोष्टी पोकळ नव्हत्या. आणि कुठल्या निवडणुकीत असं घडलं याचा पुरावा त्या निबंधाने दिलेला नाही. आमचाही तसा दावा नाही. पण सील आणि पहारा ही यंत्राभोवतीची सुरक्षा झाली. निबंधाचा प्रश्न यंत्राच्या आतल्या सुरक्षेचा होता. त्याच्या तांत्रिक उत्तराआधी यंत्र कुठून आणलं याचीच चौकशी पुढे गेली.

याच्याशी ताडून बघण्यासारखं एक प्रकरण युरोपातलं आहे. मायफेअर क्लासिक हे बस-मेट्रोच्या पासांत वापरलं जाणारं कार्ड. २००७च्या डिसेंबरात नोल आणि प्लॉट्झ यांनी त्या चिपचे थर घासून, फोटो काढून आतलं गुप्त अल्गोरिदम उलगडत असल्याचं बर्लिनमध्ये सांगितलं. किल्ली निघाली जेमतेम ४८ बिटांची. पुढे नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या गटाने सविस्तर निबंध लिहिला, तेव्हा उत्पादक कंपनी तो थांबवायला न्यायालयात गेली. जुलै २००८मध्ये आर्नेमच्या न्यायालयाने बंदी नाकारली आणि निबंध प्रसिद्ध झाला. दोन प्रकरणं अगदी सारखी नाहीत. तिकडे कार्ड बाजारात मिळत होतं, इकडे यंत्र मिळण्याची रीतसर वाटच नव्हती. पण नेमकं तेच तर आमचं म्हणणं आहे. रीतसर वाट का नव्हती? आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीवर उभं आहे, आणि संशोधकासाठी वेगळी सूट त्यात लिहिलेली नाही. २६ एप्रिल २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना पाच टक्के यंत्रांची स्मृती तपासून मागण्याची सोय दिली. पाऊल पुढचंच आहे. तरी तपासणारे अभियंते उत्पादक कंपन्यांचेच. बनवणाराच तपासणारा, हे आमच्या तोंडी परीक्षेसारखंच झालं.

हे सगळं आता का बोलायचं? कारण पैसा आणि मुलं दोन्ही या क्षेत्रात येताहेत. २०२१च्या डिसेंबरात ७६,००० कोटींचा सेमीकंडक्टर कार्यक्रम जाहीर झाला. 'चिप्स टू स्टार्टअप'मध्ये ८५,००० अभियंते घडवायचं लक्ष्य आहे. आयआयटी मुंबईचा अजित, मद्रासचा शक्ती, सी-डॅकचा वेगा असे प्रोसेसर आपल्याकडे झाले, आणि त्या लोकांच्या कष्टांबद्दल आम्हाला आदर आहे. तक्रार आहे ती त्यांच्याविषयीच्या भाषणांबद्दल. 'स्वदेशी म्हणून सुरक्षित' हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. स्वदेशी असल्याने आत परक्याने काही पेरलंय ही भीती कमी होते, आणि उघडून बघायचा हक्क मिळतो. पण हक्क मिळणं आणि बघितलेलं असणं यात फरक आहे. करंटची गळती पासपोर्ट बघत नाही. आणि ज्यांच्यावर हे येऊन आदळतं ते लोक लांबचे नाहीत. गावातल्या रेशन दुकानात आजी अंगठा लावते, त्या यंत्रात ठशाचं कूटलेखन बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं की उपकरणाच्या संरक्षित भागात, यावर तिच्या ओळखीची सुरक्षा ठरते. आधार व्यवस्थेने एल-झिरो उपकरणांकडून एल-वनकडे जायचं ठरवलं ते याचसाठी.

मग करायचं काय? आम्ही आमच्यापुरतं ठरवलंय, तुम्हीही ठरवा. पुढच्या वर्षापासून एईएसच्या प्रकल्पात वेगाच्या तक्त्याशेजारी गळतीचा आलेख नसेल तर आम्ही सही करणार नाही. चिपव्हिस्परर नावाचं मोजणीचं साधन खुल्या आराखड्याचं आहे, तेही नसेल तर साधा ऑसिलोस्कोप प्रयोगशाळेत असतोच. दुसरं, एका गटाने बनवलेलं सर्किट दुसऱ्या गटाने मोडायचं, आणि मोडणाऱ्यालाही तितकेच गुण. शिकायला परदेशी जावं लागत नाही. आयआयटी खरगपूरचे देबदीप मुखोपाध्याय याच विषयात वर्षानुवर्षं काम करताहेत, आणि त्यांचा हार्डवेअर सुरक्षेचा अभ्यासक्रम एनपीटीईएलवर फुकट आहे. तिसरं आमच्या हातात नाही. चांगल्या हेतूने तपासणाऱ्याला कायद्यात जागा हवी, आणि सरकारी यंत्रं तपासायला रीतसर मिळायला हवीत. ते मागत राहायचं.

समोर बसलेल्यांत यंदा हाच प्रकल्प घेतलेली चार-पाच मुलं आहेत, आम्हाला माहीत आहे. घाबरू नका, विषय बदलू नका. पण उद्या प्रयोगशाळेत गेलात की त्या पुरवठ्याच्या तारेत एक रेझिस्टर टाका आणि काय दिसतं ते आम्हाला येऊन दाखवा. गळती सापडली तर गुण कमी होणार नाहीत, हे आम्ही इथे सगळ्यांसमोर सांगतो.

आता प्रश्न घेऊया.