ठाणे, वखार आणि सरहद्द : ‘सिव्हिलायझेशन ३’ या खेळातील वसाहतीच्या नियमाची चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकीय खेळ हा साहित्य, नाटक आणि चित्रपट यांच्याप्रमाणेच चिकित्सेचा विषय होऊ शकतो, हे मत आता नवे राहिलेले नाही. एस्पेन आर्सेथ यांचा ‘सायबरटेक्स्ट’ हा ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘गेम स्टडीज’ हे नियतकालिक २००१ मध्ये सुरू झाले. पुढे इयान बोगोस्ट यांनी २००७ मधील ‘पर्स्वेसिव्ह गेम्स’ या ग्रंथात, खेळाची नियमरचना स्वतःच एक युक्तिवाद करीत असते, असा विचार मांडला. कादंबरीचे जीवनविषयक आकलन पात्रे आणि निवेदन यांतून व्यक्त होते. खेळाचे आकलन मात्र त्यात काय करता येते आणि काय करता येत नाही, यावरून ओळखावे लागते. या भूमिकेतून प्रस्तुत लेखात फिराक्सिस या संस्थेने २००१ मध्ये तयार केलेल्या ‘सिड मायर्स सिव्हिलायझेशन ३’ या पाळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या व्यूहात्मक खेळातील एका छोट्या नियमाचा विचार केला आहे. आपल्या सरहद्दीबाहेरील खनिजावर उभारलेली वसाहत प्रतिस्पर्ध्याच्या विस्तारापासून कशी वाचवावी, हा त्या नियमाने निर्माण केलेला प्रश्न आहे. वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या प्रश्नात साम्राज्यवादाची एक संपूर्ण उपपत्ती दडलेली आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

नियमाची रचना

या मालिकेच्या तिसऱ्या भागात दोन महत्त्वाच्या गोष्टी प्रथमच एकत्र आल्या. पहिली म्हणजे सामरिक संसाधने. घोडे, लोखंड, सोरा, कोळसा, रबर, खनिज तेल, ॲल्युमिनियम आणि युरेनियम अशी आठ संसाधने नकाशावर विखुरलेली असतात आणि त्या त्या शोधानंतरच खेळाडूला दिसू लागतात. लोखंड आणि कोळसा हाती नसेल तर लोहमार्ग टाकता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सांस्कृतिक सरहद्द. मंदिर, ग्रंथालय, विद्यापीठ अशा वास्तूंमुळे शहराच्या खात्यावर दर पाळीला ‘संस्कृती’चे गुण जमा होतात. त्यांची बेरीज १० झाली की शहराची हद्द एका वलयाने वाढते. पुढील वाढ १०० आणि नंतर १,००० गुणांवर होते.

संसाधन आपल्या हद्दीबाहेर असेल तर खेळाडू एका कामकऱ्याला तेथे पाठवून वसाहत उभारू शकतो. कामकरी त्या कामात कायमचा खर्ची पडतो. वसाहत रस्त्याने आपल्या शहरांशी जोडली की तेथील लोखंड किंवा कोळसा उपलब्ध होतो. मात्र वसाहतीला स्वतःची हद्द नसते, लोकसंख्या नसते आणि संस्कृतीही नसते. कोणत्याही शहराची सांस्कृतिक सरहद्द त्या चौकटीवर सरकली की वसाहत नाहीशी होते. तेथे तैनात केलेले सैन्य जिवंत राहते. परंतु ते आता परक्या भूमीवर उभे असते आणि त्याला माघारी जाण्यास सांगितले जाते. एकही शस्त्र न उचलता खाण हातची जाते.

संरक्षणाचे गणित

सैन्याच्या बळावर वसाहत वाचवायची म्हटले तर काय करावे लागते, हे पाहण्यासारखे आहे. प्रतिस्पर्ध्याने लगतच्या आठ चौकटींपैकी कोणत्याही एकीवर शहर वसवले तर वसाहत त्याच क्षणी संपते. म्हणून त्या आठही चौकटी अडवाव्या लागतात. एवढ्यानेही भागत नाही. दोन चौकटी दूर वसलेल्या शहरात मंदिर बांधले गेले की दर पाळीला दोन गुणांच्या हिशेबाने पाच पाळ्यांत त्याची हद्द वाढते आणि वसाहतीपर्यंत पोहोचते. हा धोकाही टाळायचा तर एकूण २० चौकटींवर पहारा ठेवावा लागतो. ठरावीक मर्यादेपलीकडे प्रत्येक तुकडीच्या पोषणाचा खर्च खजिन्यावर पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा मार्ग अव्यवहार्य ठरतो.

याउलट त्याच ठिकाणी स्वतःचे शहर वसवले तर प्रश्न बव्हंशी सुटतो. कामकऱ्यासाठी एक एकक लोकसंख्या आणि १० उत्पादन-एकके लागतात, तर शहर वसवणाऱ्या पथकासाठी दोन एकक लोकसंख्या आणि ३० उत्पादन-एकके. हा फरक किरकोळ आहे. साहजिकच अनुभवी खेळाडू वसाहतीच्या वाटेला सहसा जात नाही. ओसाड वाळवंटात किंवा बर्फाळ प्रदेशात, जेथे शहर कधीच भरभराटीला येणार नाही, तेथेही तो केवळ खनिजासाठी शहर वसवतो. २००५ मधील ‘सिव्हिलायझेशन ४’ मध्ये कामकऱ्याने उभारायची ही वसाहत उरली नाही. रचनेच्या दृष्टीने तो एक फसलेला नियम होता, असे म्हणता येईल. परंतु चिकित्सेच्या दृष्टीने त्याचे अपयशच बोलके आहे. केवळ गरजेपुरते घेऊन थांबणे या जगात शक्य नाही, हे तो खेळाडूला पटवून देतो. खनिज हवे असेल तर भूमी ताब्यात घ्या, आणि भूमी टिकवायची असेल तर तेथे वस्ती करा, हा त्याचा निष्कर्ष आहे.

इतिहासाशी असलेले नाते

हा निष्कर्ष खेळाच्या रचनाकारांनी शून्यातून निर्माण केलेला नाही. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील नव्या दाव्यांसाठी ‘प्रत्यक्ष ताबा’ हे तत्त्व मान्य झाले. निशाण रोवणे पुरेसे नव्हते. त्या प्रदेशात सत्ता प्रस्थापित करणे आवश्यक ठरले. १८९८ मध्ये नाईल नदीवरील फाशोदा येथे या विचाराची कसोटी लागली. मूठभर अधिकारी आणि शे-दीडशे आफ्रिकी सैनिक घेऊन फ्रेंच कप्तान मार्शां जुलैमध्ये तेथे पोहोचला. सप्टेंबरमध्ये किचनर मोठ्या फौजेनिशी आला. गोळीबार झाला नाही. परंतु मागे रस्ता नसलेले आणि पाठीशी वस्ती नसलेले ते ठाणे फ्रान्सला त्याच वर्षाअखेर सोडावे लागले. ‘सिव्हिलायझेशन ३’ मधील एकाकी वसाहतीची अवस्था याहून फारशी वेगळी नाही. साम्राज्यांच्या परस्परस्पर्धेचे तर्कशास्त्र खेळाने अचूक पकडले आहे, हे मान्य करावे लागते.

मात्र हे तर्कशास्त्र फक्त स्पर्धकांचे आहे. ज्यांच्या भूमीवर ठाणे उभे राहते त्यांची बाजू खेळात नाही. तिची आठवण मराठी वाचकाला ‘आज्ञापत्रा’मुळे होऊ शकते. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या राजनीतिपर ग्रंथात टोपीकर व्यापाऱ्यांचा स्वतंत्र विचार आहे. हे व्यापारी इतर सावकारांसारखे नाहीत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत आणि त्यांना भूमीची हाव आहे, हे ग्रंथकर्त्याने ओळखले होते. म्हणून त्यांना वखारीसाठी जागा द्यावीच लागली तर ती समुद्रकिनाऱ्यापासून दूर द्यावी आणि तेथे पक्के, मजबूत बांधकाम करू देऊ नये, असा सल्ला त्यात आहे. वखारीचे ठाणे आणि ठाण्याचे राज्य कसे होते, याचे हे भान यजमानाच्या बाजूचे आहे. खेळात वसाहत ही सर्वांत दुबळी वस्तू आहे आणि सरहद्द तिला गिळते. भारतीय किनाऱ्यावरील अनुभव नेमका उलटा होता. तेथे वखारीनेच पुढे सरहद्दी गिळल्या.

‘संस्कृती’ आणि रिकामी भूमी

खेळातील दोन संकल्पना या संदर्भात तपासण्याजोग्या आहेत. पहिली, ‘संस्कृती’ हा शब्द. या खेळात संस्कृती म्हणजे इमारतींतून पाझरणारी आणि नकाशावर पसरणारी एक राशी आहे. तिचे काम शेजाऱ्याची भूमी शांतपणे आपल्या रंगात रंगवणे हे आहे. त्यामुळे हिसकावून घेणे हे घेणाऱ्याच्या श्रेष्ठत्वाचे स्वाभाविक फळ भासू लागते. ज्याची मंदिरे आणि ग्रंथालये अधिक, त्याची खाण. वसाहतवादाने स्वतःच्या समर्थनार्थ मांडलेला सुसंस्कृततेचा दावा येथे अंकगणिताचे रूप घेतो आणि म्हणूनच वादातीत वाटतो.

दुसरी संकल्पना रिकाम्या भूमीची. सरहद्दींच्या बाहेरचा प्रदेश निर्जन मानलेला आहे. तेथे भेटतात त्या लहान जमातींच्या वस्त्या, ज्या खेळाडूचे पथक पोहोचताच सुवर्ण, नकाशा किंवा एखादी विद्या देऊन कायमच्या पुसल्या जातात. किंवा मग ‘रानटी’ टोळ्यांचे तळ, जे उद्ध्वस्त केल्यास बक्षीस मिळते. खनिजाच्या चौकटीवर कोणाचे गाव होते, हा प्रश्न उद्भवूच शकत नाही. परिणामी ‘संरक्षण’ या शब्दाचा अर्थही आक्रसतो. जे आधीच घेतले आहे ते दुसऱ्या घेणाऱ्यापासून राखणे, एवढाच तो उरतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की प्रत्येक खेळ अमूर्तीकरण करतो आणि बुद्धिबळातील प्याद्याच्या कुटुंबाची चौकशी कोणी करीत नाही. हा आक्षेप अंशतः योग्य आहे. परंतु बुद्धिबळ इतिहासाचा दावा करीत नाही. ‘सिव्हिलायझेशन ३’ मात्र राष्ट्रांना त्यांची नावे आणि नेत्यांना त्यांचे चेहरे देतो. त्यात भारताचे नेतृत्व महात्मा गांधींकडे आहे. गांधीजींच्या नावाने खेळणाऱ्यालाही कोळसा नसेल तर लोहमार्ग मिळत नाही, आणि व्यापारातून तो मिळाला नाही तर दुसऱ्याच्या आधी पोहोचून भूमी बळकावणे याखेरीज फारसा पर्याय उरत नाही. गरजा कमी करणे ही चाल या पटावर उपलब्धच नाही.

समारोप

कर्ट स्क्वायर यांनी २००४ मध्ये इंडियाना विद्यापीठात सादर केलेला प्रबंध याच खेळाच्या आधारे शालेय विद्यार्थ्यांना जगाचा इतिहास शिकवण्याच्या प्रयोगावर आहे. अशा उपयोगाला विरोध करण्याचे कारण नाही. साम्राज्याच्या विस्तारामागे नेहमी दुष्ट हेतूच असतो असे नाही, संसाधनाची चिंता आणि प्रतिस्पर्ध्याची भीती एवढीही पुरते, हे पाठ्यपुस्तकाच्या पानापेक्षा या खेळाच्या एका डावात अधिक चटकन कळते. हे त्याचे मोठे बलस्थान आहे. उणीव आहे ती दृष्टिकोनाची. वर्गात या खेळाचा वापर करताना वसाहत कशी वाचवावी या प्रश्नाबरोबरच ती चौकट आधी कोणाची होती, हाही प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला पाहिजे. त्याचे उत्तर खेळात मिळणार नाही. ते शोधण्यासाठी फाशोदाच्या परिसरातील शिल्लुक लोकांच्या इतिहासाकडे आणि ‘आज्ञापत्रा’तील टोपीकरांवरील प्रकरणाकडे जावे लागेल. इतिहास आणि साहित्य शिकवणाऱ्या अध्यापकाचे काम तेथून सुरू होते.