भिंतीवरचं हरीण

गेल्या दिवाळीआधी आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये स्टॉल लागले होते. पणत्या, उटणं, भाजणी, आणि एका कोपऱ्यात लाकडी चित्रं. त्यातलं एक मी घेतलं. गोल फ्रेम, आत एकामागे एक डोंगरांच्या पाच रांगा, पुढे सुरूसारखी टोकदार झाडं, सगळ्यात पुढे फांद्या फुटलेल्या शिंगांचं हरीण, मागे चंद्र. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘हँडमेड’. घरी आणून उलटं करून पाहिलं. थरांच्या कडा गडद तपकिरी होत्या, बोट फिरवल्यावर काळं लागलं, आणि जळक्याचा वास आला. म्हणजे लेझरनं कापलेलं एमडीएफ. हातानं झालं होतं ते फेविकॉल लावणं.

फसवल्याचं दुःख मला फारसं झालं नाही. मी स्वतः दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्रऱ्या एकमेकींना जोडतो आणि संध्याकाळी ‘आम्ही बनवलं’ असं मेलमध्ये लिहितो. दुःख वेगळंच होतं. आठवड्याभरात ते चित्र मला दिसेनासं झालं. सोफ्यावर बसलं की नजर त्याच्यावरून घसरून टीव्हीवर जायची. स्टॉलवर जे पाहून मी थबकलो होतो, ते माझ्या हॉलमध्ये आलंच नव्हतं.

नंतर ते हरीण मला सगळीकडे भेटायला लागलं. वाकडमधल्या दातांच्या डॉक्टरांकडे, एका कॅफेत, मित्राच्या रावेतच्या नव्या फ्लॅटमध्ये. कुठे चंद्राऐवजी सूर्य, कुठे हरणाऐवजी लांडगा. डोंगर तेच, तीच झाडं, तेच ३ मिलिमीटरचे थर, आणि तोच नियम: लांबचं फिकट, जवळचं गडद. कटिंगची फाइल विकत मिळते, मशीन ती कापतं, माणूस थर एकावर एक ठेवतो. अशा कामाबद्दल बोलताना आपण लगेच हात विरुद्ध मशीन या वादात शिरतो. पण हेच चित्र कुणी फ्रेटसॉनं महिनाभर घासाघीस करून कापलं असतं, तरी माझ्या भिंतीवर ते असंच मेलं असतं. त्याचं कारण कापण्यात नाही, सावलीत आहे.

थरांच्या चित्रात खोली दिसते ती सावलीमुळे. प्रकाश भिंतीशी ४५ अंशांचा कोन करत असेल तर ३ मिलिमीटर पुढे आलेल्या थराची सावली ३ मिलिमीटरच पडते. तोच प्रकाश भिंतीला जवळजवळ घासून, २० अंशांनी आला, तर सावली ८ मिलिमीटर होते. हे अकरावीतलं त्रिकोणमिती झालं. पण प्रकाश कुठून येतो हा खरा प्रश्न. माझ्या हॉलमध्ये ट्यूब त्याच भिंतीवर वर आहे, म्हणजे प्रकाश वरून खाली येतो. डोंगररांगांच्या चित्रात जवळचा डोंगर लांबच्या डोंगराच्या पुढे आणि खाली असतो. वरून प्रकाश आला की जवळच्या डोंगराची सावली खाली, त्याच्याच पाठीमागे पडते आणि लपते. पाच थर, आणि दिसणारी सावली एकच, फ्रेमच्या वरच्या कडेची. स्टॉलवर बाजूला एलईडीची पट्टी लावली होती. मी पाहिलं होतं ते त्या पट्टीचं काम.

म्हणजे चित्र वाईट आहे असं मी म्हणतो तेव्हा माझा आक्षेप नेमका आहे. हे थर रचणाऱ्यानं ते कोणत्या भिंतीवर, कोणत्या उजेडात राहतील याचा विचार केलेला नाही. फाइलनं केला नाही, मशीननं केला नाही, चिकटवणाऱ्यानंही केला नाही.

हा विचार आपल्याकडे नव्हता असं नाही. पुण्यात विश्रामबागवाड्यासमोरच्या फुटपाथवर एकदा दुपारी बारा वाजता उभं राहून बघा. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. दर्शनी भागावरचं लाकडी कोरीवकाम वरून येणाऱ्या उन्हासाठी केलेलं आहे. सज्जा पुढे आलेला, त्याखालचं काम खोल. सगळ्या सावल्या खाली, बघणाऱ्याच्या बाजूला पडतात. रस्त्यावर चेंगराचेंगरी असते, मागून रिक्षा हॉर्न मारत असते, तरी ते काम वाचता येतं.

तिथेच माझा दुसरा आक्षेपही गळून पडला. मला आधी वाटत होतं की हरणाची आणि त्या टोकदार झाडांची अडचण म्हणजे ती परदेशी आहेत. पण वाड्यांच्या खांबांना आपण काय म्हणतो? सुरूचे खांब. सुरूची ही नक्षी मोगली वास्तुकलेतून आली, तिच्यामागे इराणी बागा आहेत. देशावरच्या सुतारांपैकी किती जणांनी ते झाड पाहिलं असेल? पण त्यांनी त्याचा खांब केला, निमुळता, पन्हळी पाडलेला, आणि त्याच वास्तूत वर केळफूल लोंबतं ठेवलं, जे त्यांच्या परसात होतं. उसनं आणण्यात गैर काही नाही. आणलेल्या गोष्टीचं पुढे काय केलं ते बघायचं. आमच्या हरणाचं कुणी काहीच केलेलं नाही. ते जसं डाउनलोड झालं तसंच टांगलं गेलं.

दुसरं उदाहरण लांबचं आहे, पण आपल्या पट्ट्याला जवळचं वाटावं असं. लुईझ नेव्हल्सन (१८९९–१९८८) ही न्यूयॉर्कची शिल्पकार रस्त्यावर टाकलेलं लाकूड गोळा करायची. खुर्च्यांचे पाय, फ्रेमच्या पट्ट्या, मोडक्या फर्निचरचे तुकडे. ते खोक्यांत रचायचे, खोकी एकावर एक भिंतीला लावायची, आणि सगळं एकाच रंगात रंगवायचं. १९५८चं तिचं ‘स्काय कॅथीड्रल’ न्यूयॉर्कच्या मोमामध्ये आहे. साडेतीन मीटरच्या आसपास उंच, तीन मीटर रुंद, पूर्ण काळं. मी ते फोटोतच पाहिलंय, तेही फोनवर. पण एक गोष्ट फोटोतही कळते. रंग एकच असल्यामुळे बघायला खोलीशिवाय दुसरं काही उरतच नाही. आमच्या चित्रात प्रत्येक डोंगराला वेगळी छटा दिलेली असते. म्हणजे जवळ-लांब काय ते रंगच सांगून मोकळा होतो. मग लाकडाचे थर कशाला? छापील पोस्टरनंही तेच काम केलं असतं, दोनशे रुपयांत.

आणि लांब कशाला जायचं, गणपतीचं मखर घ्या. थर्माकोलवर २०१८मध्ये राज्यात बंदी आली, त्याआधी गल्लोगल्ली गरम तारेनं मखरं कापणारे लोक होते. कमानीमागे कमान, तिच्यामागे कमान. पर्यावरणाचं बोलणं बरोबरच होतं, मी ते उकरून काढत नाही. पण त्या लोकांना एक गोष्ट पक्की माहीत होती: बल्ब दोन थरांच्या मध्ये लपवायचा. आता एमडीएफची लेझर कट मखरं येतात, नक्षी कितीतरी नाजूक असते, आणि समोरून हॅलोजन मारून आपण ती सपाट करतो.

आमच्या मजल्यावर एक काका राहतात. भोसरीत आयुष्यभर पॅटर्नमेकर होते. ओतकामासाठी आधी लाकडाचा नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा होतो, नमुना काढून घेतात, पोकळीत वितळलेलं बीड ओततात. पिंपरी-चिंचवड म्हटलं की आपल्याला लोखंड दिसतं, पण त्या लोखंडाच्या आधी लाकूड होतं, आणि ते थराथरांनी बांधलेलं होतं. गोल नमुना एका ओंडक्यातून काढत नाहीत. लहान तुकड्यांच्या कड्या करून, विटांच्या भिंतीसारखे सांधे चुकवत, एकावर एक चिकटवतात. वाळूतून अलगद सुटावा म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार देतात. बीड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना मुद्दाम मोठा ठेवतात. काकांकडे अजून त्यासाठीची पट्टी आहे. तिच्यावरचा एक मीटर खऱ्या मीटरपेक्षा साधारण सेंटिमीटरभर मोठा. मी ती पट्टी माझ्या स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो होतो.

काकांना हरीण दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, बाजूनं पाहिलं.

“सफाई चांगलीये,” ते म्हणाले. “पण मला सांग, हा तिसरा डोंगर काढून टाकला तर काय बिघडेल?”

“काही नाही, काका.”

“मग कशाला ठेवलाय?”

या विषयावर मी वाचलेल्या सगळ्या मजकुरापेक्षा ही समीक्षा नेमकी आहे. पॅटर्नमध्ये बिनकारणाचा थर असला तर कास्टिंग बिघडतं. भिंतीवरच्या चित्रात काहीच बिघडत नाही, म्हणून कुणी विचारत नाही.

त्यानंतर मी स्वतः एक करायला घेतलं. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये कार्पेंट्रीचा जॉब मी सीनियरकडून तयार घेतला होता, त्यामुळे हाताला सवय शून्य. विषय मात्र डोक्यात होता. मध्यंतरी चाकणला एका प्लांटवर महिनाभर जात होतो. तिथल्या चहाच्या टपरीवरून भामचंद्र डोंगर दिसायचा, तुकोबांच्या साधनेशी जोडलेला. पुढे पत्र्याच्या शेडची करवतीसारखी छपरं, मध्ये हाय-टेन्शनच्या तारा, मागे डोंगर. ते दृश्यच थरांचं होतं. आणि डोंगरही. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला. कडा, उतार, पुन्हा कडा, वर सपाटी. माझ्या भिंतीवरच्या टोकदार शिखरांपेक्षा ही रेघ कापायला अवघड, कारण ती जवळजवळ सरळ असते आणि तरी सरळ नसते.

लाकूड पॅलेटचं घेतलं. चाकणला येणाऱ्या-जाणाऱ्या मालाबरोबर पाइनचे पॅलेट फिरत असतात. त्यांच्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. शेजारी एचटी लिहिलं असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं, कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून. एमबी असेल तर ते मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात आणू नये. माझ्या फळ्या कुदळवाडीतल्या एका भंगारवाल्याकडच्या. फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेनं तिथली हजारो बांधकामं पाडली, त्यात तो पत्रा-शेडही गेला. पुन्हा गेलो तेव्हा तिथे सपाट माती होती. शिक्का असलेली फळी मी शेडच्या थरासाठी ठेवली, शिक्का दिसेल अशी.

कापताना पातं सरळ जात नाही. पाइनमध्ये एक मऊ आणि एक कडक अशा रेघा आळीपाळीनं असतात, पातं मऊकडे पळतं. त्यामुळे डोंगराच्या सपाटीवर एक उंचवटा आला, तो राहू दिला. विजेच्या मनोऱ्यांनी मात्र रडवलं. इतकं बारीक लाकूड टिकत नाही, दोनदा तुटलं. शेवटी मनोरा सोडून दिला आणि तारा म्हणून आकाशाच्या थरात नुसत्या करवतीच्या चिरा ठेवल्या. मागे काळा प्लाय आहे, तो चिरेतून दिसतो. या चित्रातली मला आवडणारी गोष्ट ही एकच, आणि ती नाइलाजातून आलेली.

बाकीचं यथातथाच. जुलैत डोंगराचा थर पन्हळीसारखा वाकला. लाकडाच्या रेषा एकमेकींना आडव्या ठेवून मी दोन थर सगळीकडे फेविकॉल फासून चिकटवले होते. काका हसले. म्हणाले, “अरे, पावसात लाकूड फुगणारच. त्याला जागा ठेव. मधोमध एक ओळ चिकटव, कडा मोकळ्या सोड.” तो थर पुन्हा कापला. मग त्यांनी शेड आणि डोंगराच्या मधल्या झाडांच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि काहीच बोलले नाहीत. ती पट्टी मला आवडायची, पाने कापायला दोन रविवार गेले होते.

आता तिथे पंधरा मिलिमीटरची मोकळी जागा आहे. चित्र हॉलमध्ये नाही, बेडरूमच्या त्या भिंतीवर आहे जिला पश्चिमेच्या बाल्कनीतून बाजूनं ऊन लागतं. पाचच्या सुमाराला छपराच्या दात्यांची सावली डोंगराच्या पायथ्यावर आडवी पसरते आणि अर्ध्या तासात जाते. ट्यूब लावली की काही दिसत नाही. हरीण भाच्याला दिलं, त्याला ते फार आवडतं.