अदृश्य पत्नीची भेट : एका विस्मृत नाताळगीताची चिकित्सा

दूरचित्रवाणी-अभिनेत्यांची विनोदी नाताळगीते सहसा क्षुल्लक मानली जातात. ‘माइंडर’ (१९७९-१९९४) या ब्रिटिश मालिकेतील डेनिस वॉटरमन व जॉर्ज कोल यांचे १९८३ चे गीत मात्र विचारार्ह आहे. टेरी व आर्थर या आपल्याच भूमिकांत राहून ते आर्थरच्या पत्नीला नाताळाची भेट काय द्यावी, याचा खल करतात. ‘एर इनडोअर्स’, म्हणजे ‘घरातली’, एवढाच तिचा उल्लेख. मालिकेत ती कधीही पडद्यावर येत नाही. ब्रिटिश विक्रीक्रमात २१ व्या स्थानी पोहोचलेल्या या गीताचा विनोद प्रेक्षकांच्या स्मृतीवर अवलंबून होता. ती ओसरताच गीतही मागे पडले. तथापि, भेट जिच्यासाठी तिचीच अनुपस्थिती येथे विनोदाचे भांडवल ठरते, हे स्मरणरंजनाच्या भरात नजरेआड होऊ नये.