मागे सरकणारे पिस्तूल

जुने टारगेट पिस्तूल हातात आले की आधी मूठ वाचावी. नळी, खटका, नेम धरायची माशी हे सारे कारखान्यातून येते. मूठ माणसाच्या हाताखालून जाऊन येते. लेकीच्या सरावासाठी पुण्यातल्या एका जुन्या नेमबाजाकडून मी फाइनवेर्कबाऊ ६५ घेतले. त्याची अक्रोडाची मूठ अंगठ्याच्या मुळाशी कानशीने उतरवलेली होती आणि करंगळीखाली लाकडाची लांबी भरून चढवलेली. वर्षानुवर्षांच्या घामाने त्या भरावाला आसपासच्या लाकडाचाच काळपट रंग आला होता. तळहाताखालचा आडवा ठोकळा मात्र कोराच वाटला, त्याला फारसे कोणी हलवलेले नसावे. अर्धा तास मी नुसती मूठच पाहत बसलो. ज्या हातासाठी ती कोरली तो हात समोर नव्हता, पण त्याची करंगळी आखूड होती हे मला कळले.

हे पिस्तूल हवेचे, ४.५ मिलिमीटरचे. एवढ्या कमी ताकदीच्या हवेच्या शस्त्राला आपल्याकडे परवाना लागत नाही, ०.२२ चे स्पोर्ट्स पिस्तूल घ्यायचे तर मात्र सगळी सुरुवात परवान्यापासून. जुन्या बाजारात हल्ली कॉम्प्रेस्ड एअरची पिस्तुले जास्त दिसतात. तिथे आधी सिलिंडरवरची तारीख पाहावी, कारण सिलिंडरचे आयुष्य साधारण १० वर्षे धरतात आणि नवा सिलिंडर स्वस्त नसतो. ६५ ला सिलिंडरच नाही. बाजूचा दांडा ओढायचा, आतली स्प्रिंग दाबली जाते, दट्ट्या अडकतो, झाले. जर्मनीतल्या ओबेर्नडोर्फ गावी हे बनले. माउझरच्या बंदुकांचे तेच गाव. तिथल्याच दोन अभियंत्यांनी, वेस्टिंगर आणि आल्टेनबुर्गर यांनी, फाइनवेर्कबाऊ ही कंपनी काढली. १९६५ मध्ये आलेले हे मॉडेल पुढे कित्येक वर्षे जगभरच्या रेंजवर दिसत राहिले.

आता त्याच्या सौंदर्याचा गाभा. स्प्रिंगच्या पिस्तुलाचा दोष असा की छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच आतला जड दट्ट्या पुढे धावतो. तो पुढे गेला की पिस्तूल मागे ढकलले जाते, आणि तो थांबला की पुढे हिसका बसतो. नेम सुटतो तो तिथेच. १० मीटरवरच्या कागदावर दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. तिथे केसभर हिसकाही पुष्कळ झाला. यावर पिस्तूल जड करणे किंवा मूठ घट्ट धरायला सांगणे हा सोपा मार्ग होता. ६५ च्या कर्त्यांनी तो घेतला नाही. त्यांनी नळी आणि दट्ट्याचा सगळा वरचा भाग रुळांवर ठेवला. खटका दाबला की तो भाग मोकळा होऊन मागे सरकतो आणि धक्का स्वतःपुरता ठेवतो. मूठ जिथल्या तिथे राहते. दिसतेही तसेच: डोळ्यासमोरची माशी उसळत नाही, शांतपणे जवळ येते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी श्वास सोडायचा विसरलो. इतक्या जोराच्या वस्तूला आपला जोर हातापर्यंत पोचू न देण्याची ही रीत मला फार थोर वाटते.

खटक्यावरही असाच विचार केलेला आहे. नियमाप्रमाणे १० मीटरच्या पिस्तुलाचा खटका किमान ५०० ग्रॅमचा हवा. ६५ मध्ये एक छोटी कळ फिरवली की तो १३६० ग्रॅमचा होतो, म्हणजे जड खटक्याच्या स्पर्धेचा सराव घरच्या घरी. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात दोन शूट-ऑफनंतर सुवर्ण घेतले, तिथला खटका किमान १००० ग्रॅमचा असतो. ती कळ बोटाने फिरवताना मला त्या फरकाचे वजन समजले.

पण आमच्या पिस्तुलाला दम नव्हता. छर्रे कागदावर खाली खाली पडत होते. घरी उघडले तर हवेची नळकांडी आणि नळी जिथे भेटतात तिथली सीलची बारीक कडी भुसभुशीत होऊन चिमटीत चुरली. पिस्तूल काही बाजारात नेण्याची वस्तू नव्हे. कडी बसते तो सुटा भाग आणि तिचा चुरा रुमालात बांधून मी आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या शहागंजला गेलो. घड्याळाच्या टॉवरकडून सराफ्याकडे जाताना एका बोळात एक घड्याळदुरुस्तीवाले चाचा बसतात. डोळ्याला भिंग लावून त्यांनी चुरा बाजूला सारला आणि म्हणाले, “टूटी चीज का नाप झूठा रहता सर, नको लो. घर का नाप लो.”

घर म्हणजे कडी बसते ती खाच. आमच्याकडचा टर्नरही बेअरिंगच्या बसण्याच्या जागेला घरच म्हणतो. चाचांनी व्हर्नियरने खाचेचा आतला व्यास, बाहेरचा व्यास, खोली असे एकेक माप घेतले आणि पावतीच्या मागे लिहून दिले. खोलीपेक्षा कडी किंचित उंच ठेवा, दाबली गेली तरच हवा अडेल, हेही सांगितले. मूठ वाचताना मी नकळत हेच करत होतो. तो हात गेला होता, पण त्याचे घर लाकडात राहिले होते.

माप घेऊन चिकलठाणा एमआयडीसीत गेलो. हायड्रॉलिक सील बनवणाऱ्या एका कारागिराने पॉलियुरेथेनच्या दांड्यातून लेथवर तीन कड्या कापून दिल्या. दोन जास्तीच्या मी मागून घेतल्या. २५ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, तो दुरुस्त करण्यात मोलाची मिनिटे गेली. ५७५ गुणांवर ती बारावी राहिली, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तो दिवस आठवला की जास्तीचा सुटा भाग खिशात असण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. २०२४ मध्ये पॅरिसला तिने याच १० मीटर प्रकारात कांस्य घेतले, तेव्हा आमच्या घरात लेक ओरडत उठली होती.

नवी कडी बसवून लेकीने पहिला छर्रा मारला. वरचा भाग मागे सरकला, माशी जवळ आली, कागदावर टकटकीत गोल भोक पडले. सपाट तोंडाचा छर्रा कागद फाडत नाही, कापतो. तो कागद घेऊन मी पुन्हा शहागंजला गेलो. चाचांनी भिंग लावले, भोक उजेडाकडे धरले आणि सवयीने व्हर्नियरचे टोक त्यात घातले.

“साडेचार से जरा कम है, सर,” ते म्हणाले.