डिजिटल कलोपचार व मानसिक आरोग्याचे मूल्यमापन : एक चिकित्सा

मनुष्याच्या अंतर्मनाचे प्रतिबिंब त्याच्या चित्रात उमटते, हे गृहीतक मानसशास्त्रात जुने आहे. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये मुलांनी काढलेल्या मनुष्याकृतीवरून बुद्धिमापनाची पद्धत मांडली. कॅरेन मॅकोव्हर यांनी १९४९ मध्ये मनुष्याकृतीवरूनच व्यक्तिमत्त्वाचा वेध घेतला. आता कागदाच्या जागी टॅब्लेट आला असून पडद्यावरील चित्रावरून नैराश्य वा चिंता ओळखण्याचे प्रयत्न होत आहेत. या पद्धतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

प्रथम उपचार व मूल्यमापन यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. कलोपचारात चित्र काढण्याची क्रिया व त्यानिमित्ताने होणारा संवाद महत्त्वाचा असतो; मूल्यमापनात चित्रावरून निष्कर्ष काढला जातो. क्लिफर्ड स्वेन्सन यांनी १९५७ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला असता मॅकोव्हर यांच्या अनुमानांना फारसा आधार आढळला नाही. कागदावर न टिकलेले अनुमान केवळ पडद्यावर आल्याने शास्त्रीय ठरत नाही.

डिजिटल माध्यमात थांबे, खोडलेल्या रेषा व लागलेला वेळ यांची नोंद ठेवता येते, हा लाभ मान्य करावा लागेल. परंतु सामान्य मोबाईलवर बोटाने काढलेल्या रेषेत पेन्सिलीचा दाब उतरत नाही. शिवाय हात अडखळला तो मनाच्या अस्वस्थतेमुळे की उपकरणाच्या अपरिचयामुळे, हे त्या नोंदीवरून कळत नाही.

१९९९ मध्ये भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो. देवरी वा सालेकसा तालुक्यातील गोंड विद्यार्थ्याने काढलेले घर, झाड वा माणूस शहरी मापदंडांशी जुळेलच असे नाही. गुडइनफ यांची कसोटीदेखील भारतीय मुलांसाठी नव्याने प्रमाणित करावी लागली. ते कार्य प्रमिला फाटक यांनी केले. स्थानिक प्रमाणके नसताना मारलेला शेरा विद्यार्थ्याच्या माथी कायमचा बसण्याची भीती आहे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार मानसिक आजार मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच ठरविला जातो. म्हणून प्राध्यापकांनी चित्रावरून निदान करू नये. विद्यार्थ्याला त्याच्या चित्राविषयी बोलू द्यावे, शांतपणे ऐकावे व गरज भासल्यास त्याच्या संमतीने तज्ज्ञाकडे पाठवावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेची (१४४१६) माहितीही द्यावी.

सारांश, डिजिटल चित्राचा उपयोग तूर्त संवादास आरंभ करण्यापुरता मर्यादित असावा. तपासणीचे साधन म्हणून ते स्वीकारण्यापूर्वी जिल्ह्यातील महाविद्यालयांनी तज्ज्ञांच्या साहाय्याने स्थानिक विद्यार्थ्यांच्या चित्रांचा पद्धतशीर अभ्यास हाती घ्यावा, असे नमूद करावेसे वाटते.