तेरावी पायरी

जपानमधील शिक्षक व लोकसाहित्याचे अभ्यासक तोरू त्सुनेमित्सु यांनी विद्यार्थ्यांकडून ऐकलेल्या शाळेतील भुतांच्या गोष्टी १९९० मध्ये पुस्तकरूपाने आणल्या. तिकडच्या अशा गोष्टींत स्वच्छतागृहातली हानाको हाक मारली की ओ देते. बारा पायऱ्यांचा जिना मध्यरात्री तेरा पायऱ्यांचा होतो. आम्हाला जिन्याची गोष्ट अधिक सरस वाटते. तिच्यात भूत नाहीच, फक्त मोजणी चुकते. मात्र अट मध्यरात्रीची, म्हणजे पडताळा कोणी घेऊच नये! गोष्टीची गंमत यात आहे, आणि अफवेचे बळही. शिक्षकाने अशा गोष्टी नुसत्या हसण्यावारी नेल्या, तर घाबरलेले मूल गप्प राहते आणि स्वच्छतागृहात जाणे टाळते. त्यापेक्षा गोष्ट रंगवून सांगावी आणि मग वर्गाला विचारावे, ‘रात्री पायऱ्या मोजल्या कोणी?’